सहा फुटांची पडवी

गावच्या वाचनालयाची नवी इमारत बांधायचं ठरलं आणि कमिटीत एखादा तरुण हवा म्हणून मला घेतलं. मी सॉफ्टवेअरमधला. पहिल्याच बैठकीत आर्किटेक्टताईंनी ड्रॉइंग पसरलं आणि सेक्शन, प्लिंथ, लिंटेल लेव्हल असं बोलणं सुरू झालं. ग्रंथपालबाई कपाटांची उंची विचारत होत्या, गवंडीकाका चिऱ्याच्या थरांत हिशेब सांगत होते, खजिनदार चौरस फुटाच्या दरात. प्रत्येकाचं बरोबर वाटत होतं, पण एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. वहीत काय उतरवून घ्यावं हेच मला समजेना.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "ड्रॉइंग राहू दे. आधी एक पॅटर्न बघू."

मी चमकलो. डिझाइन पॅटर्न, म्हणजे वारंवार येणाऱ्या अडचणीवरचा ठरलेला तोडगा, हा तर आमच्या धंद्यातला शब्द! 1994 साली चौघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकातले 23 पॅटर्न आम्हाला नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा विचारतात. पण ती कल्पना घरबांधणीतून आली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. क्रिस्टोफर अलेक्झांडर हे आर्किटेक्ट. 1977 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' लिहिलं; शहराच्या रचनेपासून खिडकीतल्या बैठकीपर्यंत 253 पॅटर्न. दहा वर्षांनी केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती पद्धत प्रोग्रामिंगमध्ये आणली. (त्याही आधी, 1964 च्या पुस्तकात, अलेक्झांडरनी गुजरातमधल्या एका खेड्याच्या 141 गरजा मांडून पाहिल्या होत्या. हे वाचल्यावर तर मला हा माणूस फार जवळचा वाटू लागला.)

ताईंनी 'अ पॅटर्न लँग्वेज'मधून काढलेला पॅटर्न साधा होता: प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. कारण सांगण्याऐवजी त्यांनी गवंडीकाकांना वाचनालयाच्या जुन्या खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीकडे पाठ करून उभं केलं. काकांचा चेहरा काळवंडला. ते हसताहेत की वैतागलेत, काही दिसेना. मग बाजूच्या भिंतीतलं दार उघडलं आणि चेहरा स्पष्ट झाला. एकाच बाजूने येणाऱ्या उजेडात समोरच्याचा चेहरा नीट वाचता येत नाही, म्हणून माणसं अशा खोलीत फार वेळ बसत नाहीत, असं पुस्तकाचं म्हणणं.

मग सगळेच बोलू लागले. बाई म्हणाल्या, दुपारचं कडक ऊन पुस्तकांवर नको, कण्यांचे रंग उडतात. म्हणजे खिडक्या उत्तरेला आणि पूर्वेला, कपाटं पश्चिमेच्या भिंतीला. काका म्हणाले, "पश्चिमेची झड भिंतीत मुरते, पुस्तकांना बुरशी येईल." मग पडवी पश्चिमेला घ्यायची, म्हणजे भिंत कोरडी राहील.

पडवी चार फुटांची धरली होती. ताईंनी दुसरा पॅटर्न सांगितला: सहा फुटांहून कमी खोलीची बाल्कनी किंवा व्हरांडा लोक फारसा वापरत नाहीत. जागेवर काकांनी फक्की मारून चार फुटांची रेघ आखली. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये पेपर ठेवायला स्टूल. तिसऱ्याला जायचं तर एकाला उठावं लागत होतं. रेघ सहा फुटांवर नेली तशी वाट मोकळी झाली. खजिनदारांना वाढीव खर्च पटेना. तेव्हा काकाच म्हणाले, "अहो, चार फुटांत झड भिंतीपर्यंत येते, मग पडवी घातली कशाला?" पुस्तकात कारण होतं माणसांच्या बसण्याचं, काकांचं होतं पावसाचं, माप एकच निघालं.

ड्रॉइंगवर फक्त ताईंनाच बोलता येत होतं. पॅटर्नमध्ये अडचण आणि तिचं कारण उघड मांडलेलं असतं, त्यामुळे ज्याला त्या कारणातलं काही ठाऊक आहे त्याला भांडायची जागा मिळते. त्या पुस्तकाच्या लेखकांनी तर आपली खात्री कितपत आहे हेही पॅटर्नच्या नावापुढे तारांकन करून किंवा न करून सांगितलंय. आमच्या कोडमध्ये हा प्रामाणिकपणा यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सध्या वाद आहे मुलांच्या खिडकीतल्या बैठकीचा. माणसाला बसायचंही असतं आणि उजेडाकडेही जायचं असतं, म्हणून बसायची जागा खिडकीतच हवी, हे सगळ्यांना मान्य आहे. पण खिडकी इतकी खाली घेतली तर ग्रिल लागेल, असं खजिनदार म्हणतात. बाईंना त्यांच्या टेबलावरून तो कोपरा दिसत नाही. त्या टेबल हलवायला तयार आहेत, पण मग दारावर लक्ष कोण ठेवणार? लवकर ठरवा, असं काकांनी बजावलंय. तिसरा थर चढला की ते खिडकी खाली घेणार नाहीत.