मशागत

आमच्या बीड जिल्ह्यात गांजाची शेती वाचायला मिळते ती पोलिसांच्या बातमीत. कपाशीच्या किंवा तुरीच्या रानात मधल्या तासांमध्ये दडवून लावलेली झाडं सापडतात, ती उपटून, वजन करून ट्रॅक्टरमध्ये भरली जातात आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावणं हाच गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्हा मुसलमानांना तर कायद्याच्याही आधीचा हुकूम आहे, नशा आणणारी प्रत्येक चीज हराम. त्यामुळे हा लेख गांजाची वकिली करणारा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पण गांजा लावणाऱ्यांकडून मातीबद्दल काही शिकण्यासारखं आहे, एवढं मात्र मला आज मांडायचं आहे.

माझा एक माजी विद्यार्थी कृषी पदविका करून खताच्या दुकानात कामाला आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी येतो. एकदा त्याने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "सर, रागावू नका. पीक बघू नका, नुसती माती बघा." व्हिडिओ अमेरिकेतल्या एका गांजा उत्पादकाचा होता. तिथे कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली मतदान घेऊन गांजाला मोकळीक दिली. कॅनडाने २०१८ मध्ये दिली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मात्र तो बंदच राहिला, म्हणून या लोकांनी कितीही शुद्ध सेंद्रिय पीक काढलं तरी सरकारी सेंद्रिय प्रमाणपत्र त्यांना मिळत नाही. तरीही त्यांच्यातले बरेच जण रासायनिक खत वापरत नाहीत. 'जिवंत माती' हा त्यांचा शब्द.

पद्धत ऐकायला सोपी आहे. ही मंडळी बहुतेक वेळा बंद खोलीत, मोठ्या कापडी कुंड्यांमध्ये पीक घेतात. दर हंगामाला जुनी माती फेकून नवी आणणं महाग आणि कष्टाचं. म्हणून त्यांनी तीच माती वर्षानुवर्षं वापरायचं ठरवलं. पीक निघालं की झाड जमिनीलगत कापायचं, मूळ उपटायचं नाही. ते मूळ आत कुजतं, त्याच्या वाटेने हवा आणि पाणी खाली जातं. वर पालापाचोळा, गांडूळखत पसरायचं. मोकळ्या जागेत क्लोव्हरसारखी लसूणघासाच्या जातीची छोटी द्विदल वनस्पती पेरायची, म्हणजे माती उघडी पडत नाही. कुंडीत गांडुळं सोडायची. आणि मुख्य म्हणजे माती उकरायची नाही. मुळांना धरून वाढणाऱ्या बुरशीचे धागे मातीत लांबवर पसरलेले असतात, स्फुरद आणि पाणी मुळापर्यंत आणून देतात. माती उलथली की हे सगळं जाळं तुटतं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मला गंमत वाटली ती त्यांच्या मिश्रणाची यादी ऐकून. निंबोळी पेंड, करंज पेंड आणि बेसाल्ट खडकाची भुकटी. साता समुद्रापलीकडचा माणूस या वस्तू पिशव्यांमध्ये विकत घेतो. आमच्या बालाघाटच्या रांगा म्हणजे बेसाल्टच की. बांधावर कडुनिंब उभा, ओढ्याकाठी करंज. आणि आम्ही काय विकत आणतो, तर युरिया आणि डीएपी.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांच्या मुळाशी जायची खोड आहे. 'मशागत' हा शब्द आपण इतका शेतीचा मानतो की तो अरबीतून आला आहे हे लक्षातही येत नाही. मूळ शब्द मशक्कत. उर्दूत आजही त्याचा अर्थ कष्ट, घाम गाळणं. कैद-ए-बामशक्कत म्हणजे सक्तमजुरी. मराठीत येऊन तो जमिनीला चिकटला. नांगरट, मोगडा, वखराच्या पाळ्या, हे सगळं मिळून मशागत. म्हणजे आपल्या भाषेने जमीन कसण्याला नावच कष्टाचं दिलं. जो जास्त घाम गाळील तो चांगला शेतकरी. आमचे अब्बा उन्हाळ्यात रान नांगरून ढेकळं तापायला टाकायचे आणि ते लाल-काळं उघडं रान बघून त्यांना समाधान वाटायचं. गावाने रान बघूनच माणसाची पारख करायची.

त्या समाधानाला कारणही होतं. नांगराने तण गाडलं जातं, किडींचे कोष उन्हात येतात, पेरणीला भुसभुशीत जागा मिळते. बैलांचा नांगर होता तोवर शेणखतही रानात पडत होतं. आता बैल गेले, ट्रॅक्टर आला. नांगर खोल जाऊ लागला आणि शेणखत मात्र तुटलं. मातीतला सेंद्रिय कर्ब उघडा पडला की उन्हात आणि हवेत लवकर जळून जातो. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पुढे आमच्या रानाचंही पत्रक आलं, त्यात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के होता. ०.५ च्या खाली म्हणजे 'कमी'. ज्या जिल्ह्यात पावसाचाच भरवसा नाही, तिथे पाणी धरून ठेवणारी ही एकच गोष्ट, आणि तीच आपण दरवर्षी तापवून उडवतो.

नांगराशिवाय शेती करून दाखवणारे लोक महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर अनेक वर्षं हेच सांगत आले की आधीच्या पिकाची मुळं आणि खोडकी जागेवरच कुजू द्या, तेच तुमचं खत. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र बसवलं. गादीवाफे एकदाच करायचे, नंतर चिखलणी नाही, नांगरट नाही, मुळं जमिनीतच. आमच्या मराठवाड्यात पोकरा प्रकल्पातूनही शून्य मशागतीचा प्रचार झाला. पण एक फरक नीट समजून घ्यायला हवा. या पद्धतींमध्ये तणासाठी बहुधा तणनाशक मारलं जातं. कुंडीवाल्याला त्याची गरज नाही, तो दोन बोटांनी तण खुडतो. एकरभर रानात हराळी आणि कुंदा दोन बोटांनी खुडता येत नाहीत. नांगरही नको आणि तणनाशकही नको म्हणणाऱ्याला तिसराच उपाय शोधावा लागतो, तो म्हणजे माती झाकलेली ठेवणं.

पाटोदा तालुक्यात आमची वडिलोपार्जित दोन एकर हलकी, मुरमाड जमीन आहे. ती बटईने दिलेली आहे. २०२१ च्या जूनमध्ये बटईदाराशी बोलून मी त्यातले आठ गुंठे वेगळे काढले. तिथे नांगर, वखर काही नाही. सोयाबीन हाताने टोकलं. कडेने अंबाडी लावली. या अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. पान गांजाच्या पानासारखं दिसतं म्हणून तिला हे नाव पडलं. आमच्या रानात गांजाचं नातं लागतं ते एवढंच, आणि तिची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाताना कुणाला नशा आल्याचं ऐकलं नाही.

अम्मीने रान बघितलं आणि विचारलं, "खेत पडीक डाल दिया क्या रे?" बटईदाराचा प्रश्न जास्त अवघड होता. कापणीनंतर भुसकट आणि तुरीचा पाला रानातच पसरू म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "सर, मातीला खायला घातलं तर मग जनावरांनी काय खायचं?"

या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत नाही. अमेरिकेतल्या कुंडीजवळ भुकेली म्हैस बांधलेली नसते. आमच्याकडे कडबा, भुसकट म्हणजे दावणीचा आधार, तुराट्या म्हणजे चूल. शेवटी वाटणी ठरली. भुसकट गुरांना, पाला, मुळं आणि तुरीची बारीक काटकी मातीला. शेळ्यांची लेंडी थेट वर टाकायची, गाडायची नाही. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं एक रात्र बसवायची. तण उपटायचं नाही, फुलावर यायच्या आत विळ्याने कापून तिथेच आडवं पाडायचं. या कामाला मजुरी लागतेच, आणि 'शून्य मशागत' हा शब्द तिथे जरा खोटा पडतो. मशक्कत राहते, तिची जागा बदलते. उन्हाळ्यातली एकदाची कमी होते, पावसाळ्यातली रोजची वाढते.

पहिल्या वर्षी आठ गुंठ्यांत ९० किलो सोयाबीन झालं. शेजारच्या नांगरलेल्या आठ गुंठ्यांत १२० किलो. त्याच सप्टेंबरच्या शेवटी अतिवृष्टी झाली तेव्हा नांगरलेल्या रानातून गढूळ पाणी वाहिलं आणि बांधाशी घळ पडली. झाकलेल्या तुकड्यातून आलेलं पाणी बरंच नितळ होतं. दुसऱ्या वर्षी ११५ आणि १३० किलो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, महिना जवळजवळ कोरडाच गेला. त्या वर्षी नांगरलेल्या तुकड्यात ८० किलो आणि आमच्या तुकड्यात ९५. दुपारी पाला बाजूला करून बघितलं तर खाली माती ओलसर लागायची आणि गांडुळांची विष्ठा दिसायची. आठ गुंठ्यांवरून कुणी सिद्धांत मांडू नये, मीही मांडत नाही. पण दुष्काळी जिल्ह्यात कोरड्या वर्षी पंधरा किलो जास्त येणं म्हणजे काय, हे बीडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता खरी अडचण. बटई आमच्याकडे सालाच्या बोलीवर चालते. पाडव्याला बोलणी, पुढच्या पाडव्याला पुन्हा बोलणी. जिवंत माती तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि पहिली दोन तोट्याची. जी जमीन पुढच्या साली आपल्याकडे राहील की नाही हे माहीत नाही, तिच्यात कुणी पाला का टाकावा? आमच्या बटईदाराचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर उसाच्या फडावर जातात, कारण इथे पोट भरत नाही. अशा घराला 'धीर धरा' म्हणणं पगारदार मास्तरला सोपं आहे. म्हणून आम्ही पाच वर्षांचा लेखी करार केला. नांगर न लावलेल्या तुकड्यात उतारा कमी आला तर ती तूट माझ्या वाट्यातून जाईल, जास्त आला तर निम्मा-निम्मा. या वर्षी आठ गुंठ्यांचे वीस गुंठे झाले, आणि ते मी सांगितलेलं नाही, त्याने स्वतः ठरवलं.

आपल्यातल्या अनेकांच्या गावाकडे अशी एक-दोन एकर जमीन आहे. आपण अंबाजोगाईला, औरंगाबादला, पुण्याला नोकरी करतो आणि पाडव्याला जाऊन वाटा घेऊन येतो. पाण्यावाचून अडलं तर पाकी मिळवण्यासाठी हीच माती आपल्याला तयम्मुमला चालते. तिच्यासाठी आपण एवढं करू शकतो की बटईची बोली लांब करावी आणि पहिल्या दोन वर्षांची तूट आपण सोसावी. ज्यांना जमीनच नाही त्यांनी गच्चीवर एक कुंडी भरावी. एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग नारळाचा भुसा, वर मूठभर निंबोळी पेंड आणि खडी क्रशरवरची बारीक कच. कोथिंबीर लावा, मेथी लावा. काढताना उपटू नका, कात्रीने कापा आणि मूळ आत राहू द्या. पुढचं बी त्याच मातीत टाका.