प्रेअरीच्या मातीवरून एक दिवस

जुलै महिन्यातील एका सकाळी नऊ वाजता आम्ही पाच जण कॅनडातील रेजायना शहरातून कॅलगरीकडे निघालो. मुलाला तेथे नवी नोकरी मिळाली होती. मोठे सामान पुढे गेले होते. दशम्या, दाण्याची चटणी आणि भडंग माझ्या मांडीवरच्या पिशवीत होते. अंतर सुमारे ७६० किलोमीटर. मुलगा गाडी चालवीत होता आणि हे त्याच्या शेजारी बसले होते. दोघांमध्ये हातभर अंतर होते, आणि तीन एकर जमीन.

ती जमीन आमच्या शिरोळ तालुक्यातील काळ्या रानातली. उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिले, निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले आणि रान पांढरे पडले. “अण्णा, ती विकून टाका,” असे मुलगा दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाला. तेव्हापासून बापलेक एकमेकांची खुशाली माझ्यामार्फत विचारीत.

शहर मागे पडले आणि दृष्टीला अडवणारे काहीच उरले नाही. डोंगर नाही, वळण नाही. वर आभाळ, खाली रान. क्षितिजावर ठिपका दिसे आणि बऱ्याच वेळाने त्याचे धान्याचे कोठार होई. पूर्वी येथे रेल्वेमार्गाच्या कडेने ठरावीक अंतरावर लाकडी कोठारे उभी होती. घोडागाडीने धान्य घालून शेतकरी त्याच दिवशी घरी परतावा, असा तो हिशेब होता.

वाटेत सुनेने रेजायनाची जुनी ओळख सांगितली. मूळचे क्री लोक त्या जागेला ‘हाडांच्या राशीची जागा’ म्हणत. गव्यासारख्या बायसन प्राण्यांचे प्रचंड कळप या माळावर चरत असत. व्यापारी शिकारीने ते जवळजवळ नाहीसे केले. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सन्मानार्थ शहराला नवे नाव मिळाले. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर भरून १६० एकर जमीन नव्या वसाहतकऱ्यांना मिळू लागली. तेथे आधीपासून राहणारे मात्र राखीव तुकड्यांवर ढकलले गेले. मी मनातल्या मनात णमोकार म्हटला.

मूस जॉ ओलांडल्यावर ह्यांनी प्रथमच तोंड उघडले. “गाडी थांबव.” रस्त्यालगत गुडघ्याखाली येणारे, बारीक पानांचे पीक पसरले होते. शेतात पाऊल न टाकता हे कडेलाच वाकले. “मसूर!” एवढेच म्हणाले. कराड-इस्लामपूरकडे अख्ख्या मसुराची आमटी चवीने खाणाऱ्या आपल्या लोकांना हे रान पाहून नवल वाटावे. कॅनडा हा मसूर निर्यात करणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक आहे आणि भारत त्याचे मोठे गिऱ्हाईक.

मुलगा सांगू लागला. १९३०च्या दशकातील दुष्काळात नांगरलेली माती वाऱ्याबरोबर उडाली, दिवसा अंधार झाला, कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. पुढेही ओल टिकवण्यासाठी शेते आलटूनपालटून पडीक ठेवीत. १९७०च्या दशकात सास्काचेवान विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी येथे रुजतील असे मसुराचे वाण शोधण्याचे काम हाती घेतले. १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हा वाण आला. पडीक वर्षाच्या जागी मसूर आला आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र मातीला देऊ लागल्या. हे लक्षपूर्वक ऐकत होते. “रान चांगलं राखलंय,” एवढे म्हणून गाडीत बसले.

पुढे चॅप्लिनचे सरोवर आले. मैलोन् मैल पांढरेशुभ्र. आमच्या तीन एकरांचेच रूप येथे पसरले आहे, असे मला वाटले. ह्यांनी पुन्हा गाडी थांबवायला सांगितली.

“इथे पाण्याला बाहेर जायला वाट नाही, अण्णा. ते आटतं आणि क्षार राहतात,” मुलगा म्हणाला. पलीकडे त्या क्षारांचा कारखाना होता. काठावर लहान पाणपक्षी चिखल टिपत होते. उत्तर ध्रुवाकडे जाता-येता हजारो पक्षी येथे उतरतात.

हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “इथे निसर्गानं वाट ठेवली नाही. आपल्या रानात वाट मी ठेवली नाही. नुसतं पाणी सोडत राहिलो.”

मुलगा काहीच बोलला नाही. ह्यांचा हात धरून त्याने त्यांना उतारावरून गाडीपर्यंत आणले.

मेडिसिन हॅटला सहाच्या सुमारास जेवलो. सूर्य मावळायला साडेनऊ उलटणार होते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम इतक्या निवांतपणे मी कधीच पाळला नव्हता. नात दशमी खाऊन झोपी गेली. पुढे रस्ता थेट सूर्याच्या दिशेने चालला होता.

“अण्णा, आपल्याकडे जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करतात ना?” मुलाने विचारले. “एकरी किती खर्च येतो?”

ह्यांनी आकडा सांगितला. मग म्हणाले, “पैशाचं बघू. पण चर खणताना उतार धरायला माणूस लागतो.”

“डिसेंबरात येतो.”

पश्चिमेला रॉकी पर्वताची निळी रेघ उमटली होती. तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ह्यांनी खिशातली डायरी काढली, चष्मा चढवला आणि उरलेल्या उजेडात तीन एकरांचा नकाशा काढू लागले.