भिरंडेलाचा गोळा

कोकणातल्या जुन्या घरांत भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, बाटलीत नसतं. फळीवर त्याचा गोळा असतो, वर मुठीचे ठसे उमटलेला. कोकमाच्या सालांची आमसुलं झाली की बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा आणि वर आलेला मेद निवत आला की मुठीत दाबायचा. थंडीत टाचा फुटल्या की त्यातला तुकडा पळीत वितळवून भेगांत ऊन ऊन सोडतात. चांगलाच चटका बसतो.

शेंगतेल थंडीतही धारेनं पडतं, खोबरेल २४ अंशांखाली थिजतं, आणि हे मात्र भर उन्हाळ्यातही घट्ट. तिन्हींची घडण तशी एकच: ग्लिसरॉलला लटकलेल्या मेदाम्लांच्या तीन शेपट्या. फरक शेपट्यांत. स्टिअरिक आम्लाचे १८ कार्बन सरळ रेषेत. ते वितळायला जवळजवळ ७० अंश लागतात. ओलेइक आम्लाचेही कार्बन १८च, फक्त दोन हायड्रोजन कमी; त्यामुळे मधोमध एक दुहेरी बंध येतो आणि शेपटी तिथे वाकते. एवढ्याशा बाकापायी ते १३-१४ अंशांनाच पातळ होतं. सरळ फाट्यांची मोळी घट्ट बसते, वाकडं फाटं आलं की पोकळ्या राहतात, तसंच हे. भिरंडेलात ओलेइक काही कमी नसतं. पण बहुतेक रेणूंत ते मधे आणि दोन्ही कडांना स्टिअरिक, अशी नेटकी रचना असल्यामुळे गोळा जमतो.

आणि भेगा टाचेलाच का? तळपायाला घाम येतो, पण तेलग्रंथी तिथे नसतातच. कातडीतलं पाणी धरून ठेवायचं काम वरच्या थरातल्या सेरामाइड, मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉलवर पडतं. (हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याचं नाव काढलं की लोक रक्ताचे रिपोर्ट शोधायला उठतात.)

पायांचाच विषय निघाला म्हणून सांगतो: रेनडिअर बर्फात तासन्‌तास उभा राहतो, त्याचे पाय अंगापेक्षा कितीतरी गार असतात. खुराकडे जावं तसं त्याच्या पायातल्या मेदात वाकड्या शेपट्यांचं प्रमाण वाढत जातं, म्हणून तो मेद तिथे थिजत नाही. टाचेला भिरंडेल चोळणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटायला हरकत नाही.

मेद पाण्यावर येतो हे भिरंडेल उकळताना दिसतंच; पाण्यावरच्या तेलाचा नीट अभ्यासही स्वयंपाकघरातच झाला. जर्मनीत ब्राउन्श्वाइगला आग्नेस पॉकेल्स राहायची. बायकांना तेव्हा विद्यापीठाचं दार बंद. भांडी घासताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग कसा वागतो हे तिनं हेरलं, पत्र्याची पन्हळ केली आणि आडव्या पट्टीनं तवंग रेटत मापं घेतली. १८९१ साली तिनं भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलींना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’मध्ये छापवून आणलं. पुढे रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी तीच पन्हळ सुधारली, आणि १९२५मध्ये लायडनच्या गॉर्टर-ग्रेंडेल जोडीनं तिचा मोठाच उपयोग केला. तांबड्या पेशींतला मेद अ‍ॅसिटोननं काढून त्यांनी पाण्यावर एकेरी पसरला, तर तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरला. म्हणजे पेशीचा पडदा दुपदरी: पाण्याला न भिणारी डोकी दोन्हीकडे बाहेर, शेपट्या आत लपलेल्या.

गंमत अशी की अ‍ॅसिटोननं सगळा मेद निघालाच नव्हता, आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमीच धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना कापलं. आमच्या गणिताच्या मास्तरांनी पायऱ्यांचे गुण नक्की कापले असते. पण उत्तर दोन आलं होतं आणि ते बरोबर होतं.