एका लहान महाविद्यालयाची दहा वर्षे

एखाद्या संस्थेच्या आयुष्यात दहा वर्षे हा तसा अडचणीचा कालखंड असतो. इतिहास म्हणावा तर तो फार जवळचा, आणि आठवण म्हणावी तर बऱ्याच गोष्टी पुसट झालेल्या. तरीही आमच्या महाविद्यालयातील २०१४ ते २०२४ ह्या वर्षांविषयी लिहावे असे आम्हांला वाटू लागले, त्याला एक निमित्त झाले; ते पुढे येईलच. 'आम्ही' म्हणजे वसईतील एका लहान कॅथलिक महाविद्यालयाच्या मराठी विभागातील दोघे अध्यापक. विभागात तिसरे कोणी नव्हते, आणि इतकी वर्षे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसल्यावर कोणते मत मूळचे कोणाचे, हे आता आम्हांलाही सांगता येत नाही. म्हणून हे अनेकवचन.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. येथे पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९ असा दोनशेहून अधिक वर्षे होता. त्या काळात ख्रिस्ती झालेला समाज आजही केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांच्या आधाराने राहतो, मराठीतून मिस्सा ऐकतो आणि घरात कादोडी किंवा वाडवळी बोलतो. मराठीतून प्रार्थना करणाऱ्या कॅथलिकांचा हा प्रदेश असल्यामुळे आमच्यासारख्या महाविद्यालयात मराठी विभाग असणे ही कोणाला उपकाराची गोष्ट वाटत नसे. ती गृहीतच होती.

२०१४ साली, म्हणजे पालघर जिल्हा नव्याने झाला त्या वर्षी, आमच्या तृतीय वर्ष मराठीच्या वर्गात चौदा विद्यार्थी होते. प्राचार्य एक धर्मगुरू होते. सारे त्यांना फादर म्हणत. प्रवेशाच्या दिवसांत ते स्वतः खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत. गुण कमी असले तरी घरची स्थिती विचारून प्रवेश देत. फी भरता येत नसेल तर टेबलाच्या खणातून एक पाकीट काढत. पाकिटात पैसे कोठून येत हे कोणी विचारले नाही. आठवड्यातून एकदा ते आमच्या वर्गावर येऊन 'क्रिस्तपुराण' वाचून दाखवीत. एका इंग्रज जेझुइटाने, थॉमस स्टीफन्सने, मराठी ओवीत रचलेला आणि १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ आपल्या विद्यार्थ्यांना परका वाटू नये, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचा आवाज चांगला नव्हता, पण ओवी त्यांना कळत होती.

फादरांची बदली झाली आणि त्यानंतर जे बदल झाले, त्यांची यादी कोणत्याही महाविद्यालयातील अध्यापकास तोंडपाठ असेल. निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि तासिका तत्त्वावरचे तरुण अध्यापक आले. माहिती तंत्रज्ञान, बँकिंग, व्यवस्थापन असे विनाअनुदानित अभ्यासक्रम सुरू झाले. विहिरीकडच्या बाजूला काचेच्या दारांची नवी इमारत उठली. प्रवेश ऑनलाइन झाला. सकाळची प्रार्थना ध्वनिमुद्रित झाली. ह्या साऱ्याविषयी हळहळ व्यक्त करणे सोपे आहे आणि आम्ही ती वर्षानुवर्षे केली.

परंतु हळहळीत अर्धेच सत्य असते. फादरांचे पाकीट ही दया होती. ती मिळावी म्हणून मुलीला त्यांच्या खुर्चीसमोर उभे राहून घरची परिस्थिती सांगावी लागे. पूर्व पट्टीतील आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या मुलींची शिष्यवृत्ती पुढे थेट त्यांच्या बँक खात्यात जमा होऊ लागली, तेव्हा ती मागताना कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही. आम्ही ज्याला आपुलकी म्हणत होतो, तिची किंमत कोण चुकवीत होते, हे आम्हांला तोवर दिसले नव्हते.

विद्यार्थीही बदलले. नालासोपारा-विरारच्या इमारतींतून उत्तर प्रदेश, कोकण, गुजरात येथील कुटुंबांची मुले आली. गावठाणांतील कॅथलिक मुले मात्र इंग्रजी शाळांतून थेट मुंबईकडे वळली. त्यांच्या पालकांना आम्ही दोष देत असू, आणि हे बोलत असताना आमची स्वतःची मुलेही इंग्रजी शाळेतच जात होती, ह्याचा उल्लेख टाळत असू.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी भूषविले. एका धर्मगुरूने तेथे बसण्याला काही मंडळींचा विरोध झाला होता. आमच्या वर्गात त्यावर दोन दिवस वाद झाला, आणि तो वाद म्हणजे त्या वर्गातील शेवटची मोठी गोष्ट ठरली. मार्चमध्ये महाविद्यालय बंद झाले. पुढचे दीड वर्ष आम्ही फोनच्या पडद्यावरील काळ्या चौकोनांना संत साहित्य शिकविले.

२०२४ च्या जूनमध्ये नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आमच्याकडे प्रथम वर्षाला आली. मराठी मुख्य विषय म्हणून घेऊ इच्छिणारे विद्यार्थी तीन होते. व्यवस्थापनाने विभागाकडून अहवाल मागविला. प्रथम वर्षाला मुख्य मराठी देणे थांबवावे आणि दोन श्रेयांकांचा ऐच्छिक विषय म्हणून ती चालवावी, असे त्यात लिहिणे अपेक्षित होते. आम्ही तसे लिहिले आणि सह्या केल्या. कोणी धाक घातला नव्हता. तीन विद्यार्थ्यांसाठी भांडण्याचे बळ आमच्यात उरले नव्हते, एवढेच. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. महाविद्यालयात रांगोळी निघाली, व्यासपीठावर आमचे अभिनंदन झाले आणि ते आम्ही स्वीकारले.

आता निमित्ताकडे वळतो. विभागाची खोली संगणक प्रयोगशाळेला देण्याचे ठरले, म्हणून कपाट रिकामे करताना २०१६ सालची एक वही हाती लागली. द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून आपल्या आजीची कादोडी लग्नगीते उतरून काढली होती. बेचाळीस पाने. आणि पानापानावर आमच्या लाल खुणा. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले, क्रियापदे प्रमाण केलेली, शेवटी शेरा : 'परिश्रम चांगले, भाषेकडे लक्ष द्यावे.' अक्षर दोघांचेही होते.

फादरांनी तेव्हा ही वही पाहिली होती. स्टीफन्सने आपल्या मराठीत कोकणी शब्द घेतले ते ऐकणाऱ्यांना कळावे म्हणून, एवढेच ते म्हणाले होते. आम्ही मान डोलावली होती आणि गुण मात्र वाढविले नव्हते.

त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता बालवाडीत शिकवते. म्हणाली, "मॅडम, आजी एकवीस साली गेली. माझ्याकडे काहीच नाही ह्यातलं." वही न्यायला ती आली, उभ्याउभ्याच पाने चाळली आणि एका ठिकाणी थांबली. आम्ही चूक म्हणून खोडलेला एक शब्द तिने बोटाने दाखविला. ती चूक नव्हती; लग्नातील एका विधीचे ते नाव होते. "राहू द्या सर, वाचता येतंय," असे म्हणून तिने वही पिशवीत ठेवली.

मराठी बाहेरून संपविली गेली, असे आम्ही दहा वर्षे म्हणत आलो. धोरणे, पालक, बाजार ह्या साऱ्यांचा त्यात वाटा आहेच. परंतु ज्या मुलांच्या घरी मराठीची सर्वांत जुनी रूपे नांदत होती, त्यांना त्या रूपांची लाज वाटेल अशी व्यवस्था आमच्या लाल पेनाने केली. मग ती मुले आमच्या वर्गात का यावीत?

दोन श्रेयांकांच्या त्या वर्गात आता साठ विद्यार्थी असतात, बहुतेक माहिती तंत्रज्ञानाचे. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांना घरात बोलली जाणारी भाषा देवनागरीत एक पान लिहायला सांगतो. भोजपुरी येते, वारली येते, मालवणी येते, क्वचित कादोडीही. ह्या पानांवर आम्ही काहीही दुरुस्त करीत नाही. अशाने प्रमाण मराठी त्यांना कधी येणार, असे एका तरुण सहकाऱ्याने मध्यंतरी विचारले. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. तूर्त आम्ही ती पाने वाचतो, न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढतो आणि वर्गात त्यांचा अर्थ विचारतो.