सव्वा गुंठ्यातले सात जण

आमच्याकडची म्हातारी माणसे कबड्डीला अजून हुतुतूच म्हणतात. हा खेळ आपल्या मातीतला, पण त्याने मजल लांबची मारली. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले, त्यांत कबड्डी होती. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला आणि भारताने पहिलेच सुवर्णपदक आणले. ही बातमी सोलापूर जिल्ह्यातल्या एका डाळिंबवाल्या गावात पोहोचली. पारावर बसलेल्या पोरांनी तिथल्या तिथे ठरवले, की आपणही संघ काढायचा.

त्या संघाची ही बखर. गावाचे नाव मी सांगत नाही. संघातली मंडळी अजून धडधाकट आहेत, आणि मैदानात पकड जमली नाही तरी माझ्या घराची वाट त्यांना पाठ आहे.

१९९५ साली मी कृषी सहायक म्हणून त्या गावी रुजू झालो. बी.एस्सी. कृषी झालेलो आणि महाविद्यालयाच्या कबड्डी संघात राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून आलेलो. गावात कॅनव्हासचे बूट घालणारा मी एकटाच. तेवढ्या पात्रतेवर मंडळींनी मला मार्गदर्शक करून टाकले. "सायेब, पिकाचं नंतर बगू, आदी पोरांचं बगा," असे सरपंचांनीच सांगितल्यावर माझा इलाज चालेना.

कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. एवढ्याशा जमिनीत इतका तोटा सोसणारी माणसे मी उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाहीत! जमीन भारी काळी होती. उन्हाळ्यात तिला पाऊल जाईल अशा भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात ती पाय धरून ठेवायची. आमच्या पोरांपेक्षा तिचीच पकड चांगली होती. शेवटी मुरूम आणि ओढ्याकाठचा पोयटा आणून टाकला, पाणी मारले, रूळ फिरवला. मैदान झकास झाले. आता फक्त खेळणे तेवढे राहिले होते.

पंचक्रोशीत आमच्या संघाला 'पाहुणे' म्हणत. कारण सरळ होते. यजमान गाव बाहेरच्या संघांना जेवण द्यायचे. आमचा संघ जायचा, हातपाय धुऊन जेवायचा, पहिल्या फेरीत हरायचा आणि सर्वांना रामराम करून मुक्कामाला घरी परतायचा.

पहिल्या चढाईला आम्ही आमचा सर्वांत चपळ गडी पाठवायचो. पण त्याच्या दाढेखाली नेहमी तंबाखूचा बार. समोरच्या अंगणात गेल्यावर "कबड्डी, कबड्डी" हा दम अखंड घुमवावा लागतो. ह्याने दोनदा घुमवले, की तिसऱ्याला पिंक आडवी यायची. दम तुटला, गडी बाद. त्याला कोणी हात लावायचीही गरज पडत नसे.

एकदा पंचावन्न किलो वजनगटात नाव दिले. वजनात बसायचे म्हणून पोरे दोन दिवस उपाशी राहिली. सकाळी आडतीच्या काट्यावर वजने झाली, सगळे बसले. मंडळी हरखली. पण सामना दुपारचा, आणि यजमानांनी मधल्या वेळेत जिलबीच्या पंगती मांडल्या होत्या. दोन दिवसांची भूक ती! सामन्याच्या वेळी आमचे दोघे खाली वाकले ते वर उठेनात, आणि त्यांना पकडायला आलेल्यांचीच पंचाईत झाली.

दुसऱ्या एका सामन्यात मध्यंतराला आम्ही फक्त चार गुणांनी मागे होतो. हा आमचा विक्रमच होता. तेवढ्यात गावाकडून मोटारसायकलवर निरोप आला, की लाइट आली. तिघे जण तसेच चड्डीवर मोटारी चालू करायला पळाले. मध्यंतरानंतर मैदानात चौघेच उभे! पंचांनी विचारले, "बाकीचे कुठे आहेत?" कर्णधार शांतपणे म्हणाला, "दारं धरायला." पंचही शेतकऱ्याचाच मुलगा होता. त्याने मान डोलावली आणि शिट्टी वाजवली. पेरले सात, उगवले चार, असा तो सामना गेला.

एकदा मात्र आम्ही दुसऱ्या फेरीत पोहोचलो. समोरचा संघ आलाच नाही, म्हणून पंचांनी आम्हाला पुढे चाल दिली. गावात गुलाल उधळला, हलगी लागली. दुसऱ्या फेरीत तासाभरात सगळे पूर्ववत झाले. पण त्याच स्पर्धेत आम्हाला बक्षीस मिळाले, ते 'सर्वांत शिस्तबद्ध संघ' म्हणून. आमच्या गड्यांचे कुणाशी भांडण झाले नव्हते. हात लागल्याशिवाय भांडण व्हायचे कसे? बक्षीस म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन लाल बादल्या. त्या तालमीत खुंटीला टांगून ठेवल्या.

इतके हरूनही संघ मोडला कसा नाही, असे तुम्ही विचाराल. मीही विचारत असे. कर्णधाराने मला एकदा लोणाचा नियम नव्याने समजावला. कबड्डीत बाद झालेला गडी घरी जात नाही. तो रेषेबाहेर ओळीने बसतो. आपल्या गड्याने समोरचा एक बाद केला, की बसलेल्यांपैकी एक जण आत येतो. जो आधी बाद झाला, तो आधी. आणि सातच्या सात बाद झाले, तर समोरच्याला दोन गुण जादा मिळतात, त्यालाच लोण म्हणतात. पण लोण चढले, की सातही जण पुन्हा आत येतात. "सायेब, आमच्यावर येवडी लोणं चढली, पन दर येळेला सात जण परत हुबे राह्यले का न्हाई?" कर्णधार म्हणाला. तेव्हा मी हसलो होतो.

पुढे माझी बदली शेजारच्या तालुक्यात झाली. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट झाली. आमच्या उजव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या गड्याची तीन एकर डाळिंबाची बाग होती, झाडे नऊशे. हस्त बहार धरलेला, फळ तोडणीला आलेले, व्यापारी बोलून गेलेला. अर्ध्या तासात बागेत फळांचा आणि पानांचा सडा पडला. सोसायटीचे कर्ज होते, वर हातउसने पैसे.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. हा गडी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला. जेवत नव्हता, बोलत नव्हता. त्याची कारभारीण मला पाणी द्यायला बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, फवारणीची औषधं मी कालच शेजारच्या जाऊबाईंकडं ठिवायला दिली." एवढेच बोलून ती आत गेली. तिला काय सांगायचे होते, ते मला कळले.

पंचनामा झाला होता. तो व्हायलाच हवा. मी माझ्या परीने सल्ला दिला. पडलेली फळे गोळा करून बागेबाहेर खड्ड्यात पुरा, मोडलेल्या फांद्या नीट कापा, जखमांना दहा टक्के बोर्डो पेस्ट लावा, मग एक टक्का बोर्डो फवारा. सांगायला दोन मिनिटे लागली. पण नऊशे झाडे, आणि घरात हात दोन माणसांचे, त्यातला एक जण भिंतीला टेकलेला.

संध्याकाळी कर्णधार आला, मागे बाकीचे पाच. तंबाखूवाला होता, जिलबीवाले होते. कर्णधार त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "गड्या, तू बाद झालाईस, घरी न्हाई गेला. रेघंबाहेर बसून ऱ्हा. गुण आमी आणतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता सहा जण बागेत उतरले. त्यांच्या बायकाही फळे वेचायला आल्या. बोर्डो धातूच्या भांड्यात करायचे नसते, म्हणून मी प्लॅस्टिकची भांडी मागितली, तर तालमीतल्या त्या दोन लाल बादल्या आल्या! एकीत एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवले, दुसरीत एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून लाकडी काठीने ढवळले. लोखंडी सुरी बुडवून पाहिली. तांबूस थर चढला, तर आणखी चुन्याची निवळी घालायची. शिस्तीचे बक्षीस असे कामाला आले.

सहा दिवस काम चालले. चौथ्या दिवशी दुपारी उजवा कोपरा स्वतःच बागेत आला. कोणी काही बोलले नाही. त्याने एकाच्या हातातली कात्री घेतली आणि फांदी कापू लागला. तंबाखूवाला तेवढा पुटपुटला, "आला आत."

त्या वर्षी बहार धरला नाही. २०१५ साल दुष्काळात गेले. बागेतली काही झाडे वाळली, कर्ज फिटायला वेळ लागला. २०१७ च्या आरंभी पुन्हा माल निघाला. गारपिटीच्या त्याच वर्षी पावसाळ्यात टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली होती, आणि आमची मंडळी चटईवरचे खेळाडू पाहून एकमेकांना चुका दाखवू लागली होती. २०१८ साली जकार्त्यात भारताचा पुरुष संघ इराणकडून हरला, तेव्हा पारावर एक जण म्हणाला, "चला, आता ते आन् आपून एका पायरीला."

वाचकहो, आपल्या गावातही कोणी रेषेबाहेर बसलेला असेल. त्याला "उठ, धीर धर" एवढे म्हणून भागत नाही. बसलेल्या गड्याला स्वतःहून आत येता येत नाही, हा खेळाचा नियमच आहे. त्याच्यासाठी गुण दुसऱ्याने आणावा लागतो, आणि तो कधी कात्रीने, कधी दोन बादल्यांनी मिळतो.

आता गावची तरणी पोरे पुण्याला कंपन्यांत असतात आणि सातांची जुळणी यात्रेलाच होते. गेल्या यात्रेत जुन्यांचा आणि पोरांचा सामना झाला. पन्नाशीतले आमचे सात जण उतरले, उजव्या कोपऱ्यावर तोच गडी. तीन लोणे चढली. सामना संपल्यावर दोन्ही संघांना त्याच्याच बागेतली डाळिंबे मिळाली. पाहुणे ह्या वेळी यजमान झाले होते, पण हरायचे मात्र विसरले नव्हते.