पंप पाणी ओढत नाही

विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीनं मला जेवढं चक्रावून सोडलं, तेवढं शेतीतल्या दुसऱ्या कशानंच नाही. नोकरी सोडून गावी आलो तेव्हा काकांनी मोटारीचं काम माझ्याकडे दिलं. त्यांचा पहिला नियम : पाणी भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पंपाच्या डोक्यावरचा नट काढायचा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतायचं, मग नट आवळायचा. पाणी काढणाऱ्या यंत्राला आधी पाणी कशाला?

"हवा धरली तर नुसतीच फिरंल रे," काका म्हणाले.

पंप उघडलेला पाहिला तेव्हा थोडं उमगलं. आतला इंपेलर मधल्या पाण्याला पात्यांनी कडेला भिरकावतो. बाहेरचं कवच गोगलगाईच्या शंखासारखं रुंदावत जातं. तिथं पाण्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. मध्यभागी दाब घटतो, म्हणून विहिरीच्या पाण्यावरची हवा पाणी वर ढकलते. पंप ओढतच नाही! हवेची ही ताकद फार तर १० मीटरची, प्रत्यक्षात सहा-सात. गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथातही अठरा हातांच्या वर पाणी न चढवणारा पंप आहे. उन्हाळ्यात काका पंप विहिरीत खाली का उतरवतात, ते तेव्हा कळलं. आणि आधी पाणी का भरायचं, तेही : हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी. पाणी ३० मीटर चढवणारा इंपेलर हवेत फिरला, तर त्या दाबानं पाणी चार सेंटिमीटरही चढायचं नाही.

खरा गोंधळ पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपावरच्या व्हॉल्वपाशी झाला. व्हॉल्व आवळला की मोटारीवर लोड येणार, असंच मी धरून चाललो होतो. पण मी आवळत गेलो तसा स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा खाली येत गेला! पंप ताकद देतो ती आतून जाणाऱ्या पाण्याला; पाणीच कमी गेलं, तर द्यायची कुणाला? उलट खालच्या अंगाला पाइप फुटला की पाणी धो धो वाहतं आणि मोटार तापते. तरी व्हॉल्व फार वेळ बंद ठेवायचा नाही, कारण आतलं पाणी घुसळून घुसळून गरम होतं.

परवा डीपीवर काम झालं आणि फेज बदलल्या. मोटार उलटी फिरू लागली, तरी पाणी त्याच पाइपातून येत होतं, फक्त धार बारीक. उलटं फिरवलं तरी पाणी कडेलाच फेकलं जाणार. पात्यांचा बाक मात्र चुकीच्या बाजूला पडतो. स्टार्टरमधल्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि उसाला पुन्हा पूर्ण पाणी लागलं.