माग काढणारा

आमच्या आजोबांना शिकारीचा छंद होता. हिंगोलीजवळच्या आमच्या घरी ओसरीवर काळविटाची शिंगे होती आणि ठासणीची बंदूक टांगलेली असे. कयाधूकाठची पहाट, ज्वारीवरचे दव, वाऱ्याची दिशा आणि मग बार, ही गोष्ट ते रंगवून सांगत. लहानपणी आम्ही ती कितीदा ऐकली याची मोजदाद नाही.

पुढे वाङ्मय शिकवू लागलो. निवेदक काय गाळतो तेही पाहावे, असे मुलांना सांगता सांगता आम्हालाच ती गोष्ट खटकू लागली. अंधारात माग कोण काढी? ‘एक पारधी.’ आजोबांच्या गोष्टीत घोडीला नाव होते, त्याला नव्हते. (आम्हीही ते कधी विचारले नव्हते.) इंग्रजी मुलखात १८७१च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या; १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आजोबांची बंदूक खुंटीवरच राहिली आणि आठवणी अधिकच रंगल्या. पारध्याचे मात्र पोटच त्या रानावर होते. व्यंकटेश माडगूळकर शिकार सोडून रान नुसते पाहू लागले, हे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. पारध्याला तसे सोडणे परवडणारे होते का, हे सांगायचे राहून जाते.

गेल्या दिवाळीत काकांना त्याचे नाव विचारले. ते बराच वेळ आठवत राहिले. “अण्णा त्याला नुसते ‘अरे’ म्हणत,” म्हणाले, आणि रानडुकरांनी हळदीत घातलेल्या धुडगुसाविषयी बोलू लागले.